स्टेजवर जग, खुर्चीत कोण?

सोलापुरात कार्यक्रमाची वेळ सात छापली असेल तर पडदा साडेसातला उघडतो आणि पुढचा पाऊण तास दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचं "मी आपला जास्त वेळ घेणार नाही" यात जातो, हे आपल्याकडं शाळेतलं पोरगं पण सांगेल. त्यामुळं मागच्या महिन्यात वर्ल्ड म्युझिक आणि सामाजिक आशयाचे प्रयोग असा दोन दिवसांचा कार्यक्रम झाला तिथं सत्कारच नाही म्हटल्यावर पहिल्या रांगेतली मंडळी जरा बावचळली, एकजण तर उठून विंगेत जाऊन विचारून आले की उद्घाटन कधी आहे म्हणून. सात वाजून पाच मिनिटांनी एक पोरगा जेंबे (हातानं वाजवायचा पश्चिम आफ्रिकेतला ढोल) घेऊन आला, खाली बसला आणि वाजवायलाच लागला. संपला विषय.

पहिला दिवस शनिवार, गावातला एसी हॉल, तिकीट ३०० रुपये. दुसरा दिवस रविवार, दुपारी, विणकर आणि विडी कामगारांच्या पूर्व भागातला एक साधा समाजाचा हॉल, तिकीट नाही, सतरंजी. दोन्ही दिवस गेलो होतो आणि तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहून टाकतो, कारण घरी ऐकून ऐकून कंटाळलेत.

आधी हे वर्ल्ड म्युझिक म्हणजे काय ते थोडक्यात, कारण हॉलच्या बाहेर पण दोघातिघांनी विचारलं. १९८७ साली लंडनमधल्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली, त्यांची अडचण एवढीच होती की आफ्रिकेची, लॅटिन अमेरिकेची, आशियातली रेकॉर्ड दुकानदार ठेवणार कुठल्या फळीवर, गिऱ्हाईकाला सापडणार कशी. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की एकच पाटी लावायची. म्हणजे मालीचं कोरा नावाचं तंतुवाद्य, क्युबाचं नाचाचं संगीत आणि आपली कव्वाली शेजारी शेजारी, का तर ते इंग्लंड-अमेरिकेचं नाही म्हणून. ग्रॅमीवाल्यांनी २०२० मध्ये त्यांच्या बक्षिसाचं 'वर्ल्ड' काढून 'ग्लोबल' केलं, फळी तीच राहिली. त्यात शिरत नाही, मला एवढंच म्हणायचंय की सोलापूरकराला न कळणाऱ्या भाषेतलं गाणं ऐकायचं काय कौतुक? ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये, नवरात्रात पूर्व भागात बतुकम्माच्या भोवती बाया टाळ्या वाजवत फिरतात ती गाणी तेलुगू, मुशायरा उर्दूत, आणि मिरवणुकीत लेझीम असली की भाषा लागतच नाही. आपण लहानपणापासून अर्ध कळून अर्ध न कळून ऐकत आलोय. म्हणून शनिवारी मालीतल्या बांबारा भाषेतलं गाणं सुरू झालं तेव्हा हॉल बिचकला नाही, दुसऱ्या कडव्यापासून मागच्या रांगेत टाळीचा ठेका चालू.

वाजवणारी पोरं बहुतेक पुण्याची होती, दोन आपल्याकडची. गाण्याच्या आधी दोन मिनिटं सांगायची की हे कुठलं, कुणाचं, कशाबद्दल. तेवढंच, भाषण नाही. सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांच्या गिटारवाल्या संगीताबद्दल सांगितलं ते मला आधी थोडं माहीत होतं. तिनारिवेन म्हणून जो बँड आहे त्यातली पोरं सहारातून परागंदा झालेली, लिबियातल्या छावण्यांत एकत्र आली, आणि सुरवातीच्या काळात जो कोण कोरी कॅसेट घेऊन येईल त्याला हे फुकट गाणी भरून द्यायचे. त्या कॅसेट एकाकडून दुसऱ्याकडं अशा वाळवंटभर फिरल्या. आपल्याकडं भीमगीतांच्या कॅसेट कशा वस्तीवस्तीत पोचल्या ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही. तिनारिवेनला २०१२ साली ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी उत्तर माली हत्यारबंद गटांच्या ताब्यात गेलं, त्यांनी संगीतावरच बंदी घातली. वाळवंटात २००१ पासून दरवर्षी एक मोठा संगीत महोत्सव भरायचा तो पण २०१२ च्या जानेवारीत शेवटचा झाला. हे सगळं त्यांच्यातल्या एका पोरीनं चार वाक्यात सांगितलं आणि गिटार उचलली. हॉल एकदम कान देऊन.

आता हलगीचं सांगतो, ते मी जवळून बघितलं.

मध्यंतरात चहाला बाहेर आलो तर हॉलच्या मागं पार्किंगमध्ये एक वयस्कर मामा आणि त्यांचा भाचा, दोघं हलगीवाले, वॉचमनशी हुज्जत घालत उभे. पावसाळी हवा, कातडं पार ढिलं पडलेलं. हलगीचं असंय, लोखंडी कड्यावर शेरडाचं कातडं ताणून बसवलेलं असतं, हवेत ओल आली की ते सैल पडतं आणि आवाज बसतो, मग जाळावर शेकल्याशिवाय इलाज नाही. वॉचमन म्हणतो, "मामा, इथं जाळ करायचा नाय, सायेब मला विचारतील." मामा म्हणतात, "आरं बाबा जाळ कुठं, दोन पेपर पेटवायलोय." शेवटी गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, रद्दी पेटवली. मामांनी हलगी त्या जाळावर आडवी धरून फिरवली, एका जागी थांबू न देता, पापड भाजतात तशी, मधनं मधनं अंगठ्याच्या नखानं टिचकी मारून कान लावायचे. पहिल्यांदा आवाज भद भद, मग जरा वर चढला, मग एकदम टण्ण. "झालं," म्हणाले आणि पेपर बुटानं विझवला.

तेवढ्यात तो जेंबेवाला पोरगा पण तिथं आला, त्याचं पण बकऱ्याचंच कातडं, पण त्याच्या जेंबेला दोऱ्या असतात त्या ओढून तो सूर चढवतो. तो म्हणाला तिकडं पश्चिम आफ्रिकेत पण वाजवणारे जाळाजवळ नाहीतर उन्हात ठेवून जेंबे तापवतात. मामांनी त्याचा जेंबे हातात घेतला, उलटा करून आत बघितलं, लाकडावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "एकाच खोडाचाय की." एवढंच. मग दोघं आत गेले.

स्टेजवर साउंडवाल्यानं हलगीच्या पुढ्यात माइक आणून लावला तर मामांनी तो हातानं बाजूला सारला. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी, पट्टा खांद्याला, आणि पहिल्या कडकडाटाला साउंडवाला स्वतःच पळत येऊन जेंबेचा माइक वाढवायला लागला. पुढची पंधरा-वीस मिनिटं काय झालं ते लिहून सांगता येत नाही, मी प्रयत्न पण करत नाही. माझ्या शेजारी बसलेले एक निवृत्त प्राध्यापक, गावातला प्रत्येक अभिजात संगीताचा कार्यक्रम ऐकणारा माणूस, ते मांडीवर ठेका धरून बसलेले आणि मधेच माझ्याकडं वळून म्हणाले, "हे आपण रोज रस्त्यावर ऐकतो हो." ऐकतो, पण बसून कधी ऐकतो?

घरी येऊन माहितीपत्रक नीट वाचलं तर गिटारवाल्याचं नाव, जेंबेवाल्याचं नाव, गाणाऱ्या पोरीचं नाव, तिचं शिक्षण, ती कुणाकडं शिकली ते, सगळं छापलेलं. आणि खाली एक ओळ, "सोबत स्थानिक हलगीवादक". अरे बाबांनो! सामाजिक आशयाचा कार्यक्रम तुमचा, आणि ज्याच्या जातीला पिढ्यानपिढ्या मांडवाच्या बाहेर उभं करून वाजवायला लावलं त्या माणसाचं नाव तुमच्या चार पानी रंगीत कागदावर मावंना? मी आयोजकांपैकी एकाला फोन करून हे बोललो. तो म्हणाला, दादा, ते शेवटच्या क्षणाला ठरले, पत्रक छापून झालेलं. असेल. पण मग स्टेजवरनं सांगायचं की, त्याला काय छपाई लागते?

हे बोलताना मला सालिफ केटाची आठवण येते. मालीचा मोठा गायक, जन्म १९४९ चा. तिकडं गाणं-बजावणं हे जेली लोकांचं काम, म्हणजे पिढीजात गाणाऱ्यांची जातच म्हणा, कोरा वाजवणारे, वंशावळ्या सांगणारे, आपल्याकडचे गोंधळी किंवा राजस्थानातले मांगणियार डोळ्यापुढं आणा. आणि केटा हे घराणं १३ व्या शतकात माली साम्राज्य उभं करणाऱ्या सुंदियाताचं. राजघराण्यातल्या माणसानं गायचं नसतं! दुसऱ्यांनी त्याच्यापुढं गायचं. त्यात हा जन्मानं अंगावर रंग नसलेला, अल्बिनो, त्याचा पण अपशकुन धरायचे. घरच्यांचा विरोध पत्करून राजधानी बामाकोला आला आणि कुठं गायला लागला, तर रेल्वे स्टेशनच्या हॉटेलात. तिथं रेल्वेच्या आश्रयानं १९७० मध्ये चक्क एक बँड उभा केलेला, रेल बँड नावाचा, स्टेशनवरच्या हॉटेलात रात्री वाजवायचा. (आपलं पण रेल्वे डिव्हिजन आहे म्हणे. नुसती कल्पना करा, रात्री साडेअकराला गाडीची वाट बघत बसलाय आणि वेटिंग रूमच्या शेजारी बँड चालू.) तर सांगायचं म्हणजे तिकडं वरच्या माणसानं खालच्याचं काम केलं म्हणून बोभाटा आणि आपल्याकडं खालच्याला वरच्याच्या स्टेजवर यायला इतकी वर्षं. वाद्य कुणी वाजवायचं, कुणी ऐकायचं आणि कुणी कुठं बसून, हे दोन्हीकडं जन्मानंच ठरलेलं.

आता दुसरा एक सूर. शनिवारी कार्यक्रम सुटल्यावर पार्किंगमध्ये दोन-तीन जण म्हणत होते, संगीत छान, पण मधनं मधनं ते राजकारण कशाला, कलेत राजकारण नको. हे वाक्य आपल्याकडं लई लोकप्रिय आहे. पण मला सांगा, आपल्या गावातल्या मुख्य नाट्यगृहाचं नाव काय? हुतात्मा स्मृती मंदिर. कोण हुतात्मे? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, ज्यांना १९३० च्या मार्शल लॉच्या प्रकरणात पकडून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांपुढनं गाडी घेऊन जातो आपण रोज. आणि अमर शेख बार्शीचे. गिरणीत काम केलेला माणूस, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांच्या बरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजानं मैदानं भरायची. त्याच्याही आधी सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे झाले, त्यांनी तमाशाचाच साचा घेतला, ढोलकी तीच, मजकूर बदलला. म्हणजे आपल्या जिल्ह्यात गाणं आणि राजकारण कधी वेगळं होतं? त्या रात्री कुणी लावणी नाचली असती तर हेच लोक परंपरा म्हणून टाळ्या वाजवले असते, आणि जेव्हा तीच परंपरा हिशेब विचारते तेव्हा कसंतरी होतं.

नायजेरियाच्या फेला कुटी या गायकाचं नाव त्या संध्याकाळी आलं नाही, यायला पाहिजे होतं. लागोसमधला त्याचा श्राइन म्हणजे नाइटक्लब, पण तिथं तो गाण्यांच्या मधे लोकांशी बोलायचा, सरकारची सालटी काढायचा, लोक उलट ओरडायचे, आणि एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं तो परत स्टेजवर सहसा वाजवायचाच नाही. फर्माईश बंद! लोक ऐकायला येत होते ते आज काय चाललंय ते. १९७७ मध्ये सुमारे हजार सैनिक त्याच्या घरावर गेले, घर जाळलं, त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतनं खाली फेकलं, ती पुढच्या वर्षी वारली, आणि ह्यानं तिची शवपेटी नेऊन लष्करी राजवटीच्या बराकीच्या दारात ठेवली. त्याच्या पोरांनी २००० मध्ये नवा श्राइन बांधला तो आजही चालू आहे. कलेत राजकारण नको म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं, पटलं नाही तरी चालेल.

रविवार मात्र वेगळाच निघाला. खरं तर ह्या पोस्टचं कारणच रविवार आहे.

पूर्व भागातला हॉल, पंखे दोन चालू दोन बंद, खिडकीतनं शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट, बायका सतरंजीवर, पोरं खांद्यावर. स्टेज नाहीच. प्रकार होता फोरम थिएटर. हे ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी काढलं, त्यांना १९७१ साली तिथल्या लष्करशाहीनं उचलून छळ करून देशाबाहेर घालवलं, मग पेरू वगैरे देशांत त्यांनी हे नाटक वाढवलं. पद्धत अशी की दहा-पंधरा मिनिटांचं नाटक करायचं, त्यात एका माणसावर अन्याय होतो आणि शेवट वाईट. मग तेच नाटक पहिल्यापासून परत. ह्या वेळेला बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणायचं, उठून त्या माणसाच्या जागी जायचं आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. मधे एक सूत्रधार असतो, त्याला जोकर म्हणतात. बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली जन संस्कृती ही संस्था पुढं गावागावांत हेच करत आलीय. आणि गंमत म्हणजे बोआल पुढं १९९३ ते १९९६ रिओ शहराचे नगरसेवक होते, लोकांनी असल्या नाटकातनं सुचवलेल्या गोष्टींवरनं १३ कायदे पास करून घेतले. नगरसेवक! मी हे आमच्या वॉर्डातल्या एकाला सांगितलं तर तो म्हणाला, आमचं नाटक रोजच चालू असतंय.

इथलं नाटक विडी कामगार बाईचं होतं. ती कारखान्यातनं पानं आणि तंबाखू घेऊन येते, पानं कमी भरतात, हजार विड्या पुऱ्या करायला पदरच्या पैशानं बाजारातनं पानं आणते, आणि विड्या द्यायला गेल्यावर मुनीम मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढतो, पैसे कापतो. शेवटी ती गप्प घरी येते. संपलं. जोकर पोरीनं मराठीत विचारलं, मग एका पोरानं तेलुगूत, की आता कोण थांबवणार? शांतता. मग कॉलेजचा एक पोरगा उठला (आमच्यासारखाच गावातनं बघायला आलेला), त्या बाईच्या जागी जाऊन मुनिमावर असा काय ओरडला, कायदा, हक्क, युनियन, सगळं काढलं, टेबलावर हात आपटला. बायका हसायला लागल्या. जोकरनं विचारलं, "हिला उद्या पानं मिळतील का?" सगळ्यांनी एका सुरात, "नाय मिळणार."

मग पुढंच बसलेली एक अक्का उठली, पन्नाशीची असेल. पदर खोचला. मुनिमाच्या टेबलापर्यंत गेली आणि नाटक सुरू करायच्या आधी त्या मुनीम झालेल्या पोराला म्हणाली, अर्ध मराठी अर्ध तेलुगू, "तू असा वर बघून बोलू नको बाळा. मुनीम वर बघत नसतो. खाली वहीत बघ." त्यानं खाली बघितलं. "पेन कानाला लाव." लावला. "आता बोल." हॉल गडगडला. मग तिनं काय केलं, तर एकटीनं पानं घेतलीच नाहीत. मागं वळून बायकांना खुणावलं, चार-पाच जणी खरंच उठून तिच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या, आणि ही म्हणाली, "ह्या सगळ्यांच्या देखत काट्यावर घाल, मग मी सही करते." आवाज पण चढवला नाही. तो मुनीम पोरगा अडखळला, त्याला पाठ केलेलं वाक्यच आठवंना. दुसरी एक बाई बसल्या जागेवरनं म्हणाली, "हे चालणार नाय, पुढच्या आठवड्यात पाचीजणींची कामाची पुस्तकं बंद करतो त्यो." त्यावर तिसरी. त्यावर जी वादावादी सुरू झाली ती जोकरला आवरंना, आणि तिनं आवरली पण नाही, शहाणी पोरगी.

शनिवारी संगीत जास्त चांगलं होतं, त्यात वाद नाही. रविवारच्या नाटकातला अभिनय कच्चा होता, संवाद पुस्तकी होते. पण शनिवारी कष्टकऱ्यांची, परागंदा लोकांची गाणी ऐकायला ३०० रुपये देऊन आपण बसलो होतो, डॉक्टर, वकील, बँकवाले, मी टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात बसणारा. टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलो. कुणी उठून "असं नसतंय" म्हणू शकलं असतं का तिथं? आणि म्हणायला ज्याला माहीत आहे तो आत होता का? होता, हलगीवाले मामा होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

म्हणून माझं म्हणणं त्या आयोजक पोरांना मी तोंडावर सांगितलंय ते इथं पण लिहितो. पुढच्या वेळी उलटं करा. शनिवारचं संगीत पूर्व भागात न्या, हलगी आणि जेंबे त्या सतरंजीवर वाजू द्या, आणि ते विड्यांचं नाटक घेऊन गावातल्या एसी हॉलमध्ये या, बघू तिकीट काढलेल्यांपैकी कोण उठून मुनिमाच्या जागी बसतंय. पोरांना कल्पना पटली, पण मोठ्या हॉलचं भाडं, लाइटवाला, साउंडवाला असं सगळं धरलं की आकडा कुठल्या कुठं जातो, तिकिटाशिवाय निघत नाही, आणि तिकीट लावलं की परत आपणच. वर्गणी काढायचं चाललंय.

अजून एक व्यवहाराची गोष्ट, त्यांना कुणी सांगितली नव्हती. रविवारी तिसऱ्या प्रसंगाच्या मधेच निम्म्या बायका एकदम उठल्या. पोरांना वाटलं नाटक पडलं, चेहरेच उतरले. नाटक कसलं पडतंय, गल्लीत नळाला पाणी आलं होतं! चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून कोण थांबतंय, बोआल स्वतः आले असते तरी घागर घेऊन पळाले असते. तर प्रयोगाची तारीख ठरवताना हॉल रिकामा आहे का हे बघायच्या आधी त्या भागात पाणी कुठल्या दिवशी येतं ते विचारा. आणि पूर्व भागात शंभर-सव्वाशे माणूस बसेल अशी जागा, चारही पंखे चालू असलेली, भाडं न घेणारी किंवा नावापुरतं घेणारी, कुणाच्या माहितीत असेल तर मला कळवा, मी त्या पोरांपर्यंत पोचवतो. ह्या वेळी पत्रकात मामांचं आणि भाच्याचं पूर्ण नाव टाकायचं कबूल केलंय त्यांनी, प्रूफ मी बघणार आहे.